सहाला दार बंद

जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मी एकतीस वर्षं मापाडी होतो. शेतकऱ्याचा माल आडतीवर उतरला की पोतं काट्यावर घ्यायचं आणि वजन मोठ्यानं सांगायचं, एवढंच मापाड्याचं काम. मोंढा सुरू व्हायच्या आधी, रोज सकाळी सहा ते साडेसात, मी कराटे शिकवायचो. दोन्ही धंद्यांचं मिळून लोकांनी मला एकच नाव ठेवलं, मापाडी सर. माझं खरं नाव आता बहुधा रेशनकार्डावरच उरलं असेल.

संपादकांनी सांगितलं की नोकरी आणि संसार सांभाळून कराटेला वेळ कसा काढला ते तरुणांसाठी लिहा. हा विषय मला तोंडपाठ होता. शाळांतून, गणेश मंडळांतून मी वीस वर्षं एकच भाषण केलं. वेळ मिळत नसतो, तो काढावा लागतो, असं म्हटलं की टाळ्या पडायच्या. अलीकडे मी ते भाषण करत नाही. का करत नाही, तेच लिहितो. तरुणांना त्याचा उपयोग होईल की नाही, सांगता येत नाही.

मी शिकायला लागलो एक्क्याऐंशी साली. आठवड्यातून तीनदा एसटीनं औरंगाबादला जायचो. आमच्या वडिलांचा व्यायामाला विरोध नव्हता. समर्थांचं जन्मगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथं बलोपासनेला नावं कोण ठेवील? दंड काढ, बैठका मार, तालमीत जा, असं तेच सांगायचे. पण हे नवं खूळ त्यांना पटलं नाही. समोर कुणी नसताना हवेला लाथा मारून राह्यला हा, असं ते आल्यागेल्याला सांगायचे. तीन-चार वर्षांत मला ब्लॅक बेल्ट मिळाला आणि मी जालन्यात एका शाळेच्या हॉलमध्ये वर्ग सुरू केला.

कराटे म्हणजे मारामारी नाही, हे मला जन्मभर समजावून सांगावं लागलं. त्यातला मोठा भाग असतो काता. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. समोर माणूस नसतो, पण तो आहे असं समजून अडवायचं, वळायचं, ठोसा द्यायचा. तोच काता हजार वेळा करायचा. त्यात माणसाचा राग जिरतो. मी लहानपणापासून शीघ्रकोपी. मोंढ्यात एका शब्दावरून गचांडी धरणारा मी, पुढं पुढं नुसतं हसायला शिकलो. एकदा सरकीचा एक व्यापारी आला. त्याला आठ दिवसांत फक्त एक ठोसा शिकायचा होता. कुणासाठी, ते सांगायला तयार नव्हता. मी म्हटलं, आधी उभं राहायला शिका. तो चार वर्षं टिकला, आणि ज्या भागीदारासाठी ठोसा हवा होता त्यालाच एक दिवस वर्गात भरती करायला घेऊन आला.

वर्गाचा नियम एकच होता. सहाच्या ठोक्याला दार बंद. उशिरा आलेल्यानं अंगणात थांबायचं, खिडकीच्या गजांतून बघायचं, आणि हजेरीत त्याची गैरहजेरी लागायची. परीक्षेला बसायचं तर शंभर दिवसांत नव्वद दिवस हजर पाहिजे. मापाड्याचा वर्ग आहे, इथं छटाकाचीही सूट नाही, असं मी अभिमानानं सांगायचो. अठरा वर्षांत मी स्वतः एकदाही उशिरा गेलो नव्हतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा सर आल्ते, असं पोरं एकमेकांना सांगत, आणि मी ते खोडून काढत नसे.

माझ्या बायकोचं, कमलचं, माहेर कुंभार पिंपळगाव. लग्नानंतर वर्षभरानं तिनंही वर्गात यायला सुरुवात केली. अकरा दिवस आली आणि बंद झाली. मी कारण विचारलं नाही. चिकाटी नाही, असं मनाशी ठरवून टाकलं.

पुढं पिंपळगावच्या बाजाराच्या दिवशी माझं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. प्रात्यक्षिकाची एक गोम असते. हातानं फोडायची कौलं उन्हात चांगली वाळलेली लागतात. कोरडं कौल कडकन तुटतं, भिजलेलं दगा देतं. मी कौलं आधीच सासुरवाडीला नेऊन ठेवली होती. माझ्या मेव्हण्यानं दाजींची कौलं धुळीनं माखलेली बरी दिसत नाहीत म्हणून ती हौदात घालून स्वच्छ धुतली आणि रात्रभर गोणपाटाखाली झाकून ठेवली. आठ कौलांवर मी हात मारला. दोन फुटली. हात सुजला. पुढं बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, "जावईबापू, घरावर घालायची कौलं फोडून राह्यले कशापायी?" सगळा बाजार हसला.

ती फजिती झाकायला मी भाषण ठोकलं. चिकाटीवर बोललो, वेळ काढण्यावर बोललो, आणि उदाहरण म्हणून सांगितलं की माझी बायकोच अकरा दिवसांत पळाली. लोक पुन्हा हसले, पण ह्या वेळी माझ्या बाजूनं. बायकांच्या घोळक्यात कमल उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि दुसरीकडे बघितलं. तो विनोद मी नंतर कितीतरी ठिकाणी केला. आज त्याची लाज वाटते.

आता छायाताईंची गोष्ट.

सत्त्याण्णव साली छायाताई वर्गात आल्या तेव्हा तिशीच्या आत-बाहेर होत्या. जुन्या जालन्यात राहायच्या, अंगणवाडीत सेविका होत्या. नवरा ट्रकवर, त्यामुळं महिन्यातले पंचवीस दिवस तो रस्त्यावरच. शहागडच्या ढाब्यावरून शेजारच्या फोनवर त्याची खुशाली यायची. घरी सासू, गयाबाई; छायाताई त्यांना आत्याबाई म्हणायच्या. त्यांचे गुडघे गेलेले. भिंत धरून मोरीपर्यंत जायच्या, तेवढंच. रस्त्यात भेटल्या की छायाताई "जयभीम, सर" म्हणायच्या आणि वर्गात आल्या की "ओस" म्हणून कमरेत वाकायच्या. दोन्ही सारख्याच अदबीनं.

सुरुवातीला मला वाटलं, महिनाभराच्या पाहुण्या आहेत. पण त्यांचा काता पोरांपेक्षा सरस होऊ लागला. पोरं जोर लावतात. ह्या आधी नीट उभ्या राहायच्या, नजर स्थिर करायच्या, मगच हात उचलायच्या. एकदा मी विचारलं, छायाताई, एवढ्या धबडग्यात हे कशासाठी करता? त्या म्हणाल्या, "सर, चोवीस घंट्यातला हा एकच घंटा माझ्या नावाचा हाय. बाकीचे समदे वाटलेले हायेत."

सहा वर्षांत त्या तपकिरी पट्ट्यापर्यंत आल्या. पुढचा ब्लॅक बेल्ट. त्याची परीक्षा घ्यायला वर्षातून एकदा पुण्याहून मुख्य परीक्षक यायचे. त्याच वर्षी मुलींच्या एका निवासी शाळेनं स्वसंरक्षण शिकवायला बाई हवी म्हणून कळवलं होतं. जूनपासून नेमणूक, पण अट ब्लॅक बेल्टची. जिल्ह्यात अशी बाई एकही नव्हती. होऊ शकणारी एकच होती. पोरींना शिकवायचं, ह्या कल्पनेनंच छायाताईंचा चेहरा बदलून जायचा. शाळेत जायला मिळालं तर पहिल्या दिवशी काय शिकवायचं, तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. आधी मोठ्यानं ओरडायला शिकवणार होत्या.

परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मी हजेरीपट उघडला. छायाताईंचे दिवस नव्वदला कमी भरले. मी त्यांचा अर्ज बाजूला ठेवला आणि म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. त्यांनी हुज्जत घातली नाही. थोडा वेळ हजेरीपटाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बराबर हाय, सर. नियम म्हंजे नियम." दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना नेहमीसारख्या हजर होत्या.

मला माहीत नव्हतं असं नाही. उशीर झाला की त्या अंगणात थांबायच्या, पण खिडकीतून बघत बसायच्या नाहीत. चप्पल काढून मुरमावर अनवाणी अख्खा वर्ग करायच्या. आतून माझी आज्ञा ऐकू आली की बाहेर त्यांचा हात निघायचा. ते मला गजांतून दिसत होतं, तरी मी गैरहजेरी लावत होतो.

अर्ज पुण्याला पाठवायला दहाएक दिवस उरले होते. त्यातच कमलची आई आजारी पडली आणि ती पिंपळगावला गेली. तिसऱ्या दिवशी पहाटे मी पांढरा पोशाख चढवून, पट्टा बांधून, किल्ली घेऊन निघणार, एवढ्यात शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून हाक मारली, "भावजी, नळ आलाय. कमल न्हाई ना घरी? जल्दी भरून घ्या."

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. जालन्यात त्या काळात वर्षानुवर्षं नळ दहा-बारा दिवसांनी यायचा. पहाटे पाच ते आठच्या मध्ये कधीतरी, पाऊण तास. त्यात चुकलं की पुढचे दहा दिवस दारोदार फिरा. नळाला जोर नसतो, म्हणून दारात कमरेइतका खड्डा करून तोटी खाली नेलेली असते. खड्ड्यात वाकून कळशी लावायची, भरली की वर काढायची, आत नेऊन ओतायची. हे सगळं मी माहीत असल्यासारखं लिहितोय. खरं म्हणजे आमच्या घरी नळ कोणत्या दिवशी येतो, हे मला त्या पहाटेपर्यंत माहीत नव्हतं. रांजण रिकामा बघितल्याचं मला आठवत नाही, एवढंच.

मी घड्याळाकडे बघितलं. पावणेसहा. एकदा वाटलं, जाऊ दे पाणी, अठरा वर्षांचा नेम मोडायचा नाही. मग ड्रमचं झाकण उघडलं. तळाला तांब्याभर पाणी होतं. मी पोशाखासकट खड्ड्यात उतरलो. आमच्यात अर्धवट वाकलेल्या पवित्र्यात दोन मिनिटं थांबलं की मी पोरांना शाबासकी देतो. इथं मी पाऊण तास तसाच होतो. मांड्या लटलट कापायला लागल्या. पिण्याचं आधी भरायचं हे सुचलं नाही, त्यामुळं चांगलं पाणी ड्रममध्ये गेलं आणि शेवटचं गढूळ रांजणात आलं.

मी शाळेत पोचलो तेव्हा सहा पस्तीस झाले होते. किल्ली माझ्याकडे, म्हणून सगळा वर्ग अंगणातच होता. छायाताईंनी सगळ्यांना रांगेत उभं करून व्यायाम सुरू केला होता.  पोरं जमिनीकडे बघत होती, एक-दोघांनी तर हसू दाबलं होतं. छायाताईंनी माझ्या विजारीच्या भिजलेल्या पायांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "नळ आल्ता का, सर?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी हजेरीपट घेऊन त्यांच्या घरी गेलो. छायाताई अंगणवाडीच्या बैठकीला गेल्या होत्या. गयाबाईंनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यावर पेन्सिलीनं गोल केलेले होते. हे काय, म्हणून विचारलं. म्हातारबाई म्हणाल्या, "ते नळाचे दिवस. सूनबाई करून ठिवती." मी हजेरीपट उघडून मागची पानं उलटली. एकूण एक गोल माझ्या गैरहजेरीवर बसत होता. उरलेले चार-सहा दिवस गयाबाईंच्या दवाखान्याचे होते. आळसाचा एकही नव्हता.

काट्याला पासंग असतो. पोतं ठेवायच्या आधीच एक पारडं खाली झुकलेलं असलं, तर वजन कितीही इमानदारीनं सांगा, ते चुकतंच. म्हणून मापाडी आधी रिकामा काटा तपासतो. मोंढ्यात मी हे रोज करत होतो. वर्गात एकदाही केलं नाही. सगळ्यांना सहाचीच वेळ, सगळ्यांना एकच नियम, आणि तो पाळायला मी मोकळा होतो कारण माझं पाणी दुसरं कुणीतरी भरत होतं. अठरा वर्षांत वर्ग सोडून गेलेल्या बायका मला एकेक करून आठवल्या. प्रत्येकीच्या नावापुढं मी मनात तेच लिहिलं होतं, चिकाटी नाही.

कमल परत आल्यावर मी तिला त्या अकरा दिवसांबद्दल विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाराव्या दिवशी नळ आल्ता. तुमी सहाला जायचे. दोघं गेलो असतो तर पाणी कोण भरणार?" मी म्हटलं, मग मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, "तुमी इचारलं कुठं?" मी खजील झालो. आता नळाचं मी बघत जाईन, असं तिला सांगितलं, पण लगेच जोडलं की एवढी परीक्षा होऊन जाऊ दे, सध्या वेळ नाही. ती तांदळातले खडे वेचत राहिली.

छायाताईंचा अर्ज मी पाठवला. हजेरी खोटी लिहिली नाही. जेवढी होती तेवढी लिहिली आणि खाली कारण लिहिलं. परीक्षकांचा फोन आला. पाण्यासाठी वर्ग बुडतो म्हणजे काय, हे त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. शेवटी म्हणाले, तुमच्या जबाबदारीवर बसवा, पण एक लक्षात ठेवा, रविवारी सात वाजता दार बंद होईल. मी ओस म्हटलं. तो नियम मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

छायाताईंच्या गल्लीत नळ शुक्रवारी यायचा होता. आला नाही. शनिवारीही नाही. कुठंतरी पाइपलाइन फुटली होती. रविवारी सकाळी सहा वीसला मी शाळेत परीक्षेची मांडामांड करत होतो. कमल परीक्षकांसाठी चहा-पोहे घेऊन आली होती. तेवढ्यात शाळेत छायाताईंच्या शेजाऱ्यांकडचा फोन आला. फोनवर त्या स्वतःच होत्या.

"सर, माझी वाट पाहू नका. नळ आताच सुटला. दोन दिवस झाले, घरात तांब्याभरच पाणी राह्यलंय. आत्याबाईला औषध घ्यायला बी पुरणार न्हाई. मी येत न्हाई."

मी फोन ठेवला. कमलला सांगितलं. ती डबा खाली ठेवून म्हणाली, मी जाते, भरते त्यांचं. क्षणभर मला ते बरोबर वाटलं, हेही कबूल करतो. मग म्हटलं, नाही, तू इथं बस, मी जातो. परीक्षकांना काय सांगू, तिनं विचारलं. मी म्हटलं, जे आहे ते सांग.

लुना हाणत मी जुन्या जालन्यात गेलो. छायाताई खड्ड्यात होत्या, साडीचा काष्टा खोचलेला. मी कोपऱ्यावरून रिक्षा आणवली होती. त्या वर यायला तयार होईनात. सर तुम्ही नका, लोक काय म्हणतील, असं म्हणत राहिल्या. शेवटी मी वर्गात देतो तशी आज्ञा दिली. सवयीनं त्या ताठ उभ्या राहिल्या, घरात गेल्या, पोशाखाची पिशवी घेतली आणि रिक्षात बसल्या. सातला बारा मिनिटं कमी होती.

मग मी आणि गयाबाई. त्या उंबऱ्यात बसून हुकूम सोडत होत्या. "मास्तर, हंडा आधी घासा. तसाच नगं भरू." घासला. "फडकं लावा तोंडाला." लावलं. "पिण्याचं त्या कोपऱ्यात, वापरायचं हिकडं." नेलं. गल्लीतल्या बाया आपापल्या खड्ड्यांतून वाकून बघत होत्या. पांढऱ्या पोशाखातला, काळ्या पट्ट्याचा माणूस दुसऱ्याच्या सुनेचं पाणी भरतोय, हे त्यांना नवलच होतं. एकीनं विचारलं, "सर, आमच्याकडं बी येता का उद्या?" सगळ्या हसल्या, आणि मीही हसलो.

सात वाजले तेव्हा मी खड्ड्यात होतो, म्हणजे परीक्षेचं दार मलाही बंद झालं. सहा वर्षं एकेक बोट सरळ करत जो काता मी त्यांना शिकवला, तो परीक्षेत त्यांनी कसा केला हे मी पाहिलं नाही. आजवर त्याची रुखरुख आहे. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच होतं की ड्रम काठोकाठ भरला पाहिजे.

नळ गेल्यावर मी गयाबाईंपाशीच थांबलो. साडेअकराच्या सुमाराला छायाताई आल्या. कमरेला काळा पट्टा होता. गयाबाईंनी त्याला हात लावून बघितला आणि जाड हाय की, म्हणाल्या. मी अभिनंदन केलं. त्या वाकल्या, ओस म्हणाल्या, आणि सरळ आत गेल्या. त्यांनी ड्रमचं झाकण उचललं. रांजणावरचं फडकं बाजूला करून पाहिलं. मग कोपऱ्यातला हंडा पाहिला. सगळं भरलेलं होतं. त्या तिथंच भिंतीला टेकून बसल्या आणि रडायला लागल्या.  थोड्या वेळानं पदर नव्हता म्हणून बाहीनंच डोळे पुसत म्हणाल्या, "सर, लगीन होऊन आले तवापासून ह्या घरात मला भरलेलं पाणी आज पहिल्यांदा भेटलं."

दुपारी घरी गेलो. कमल माझ्या आधी पोचली होती, भाकरी थापत होती. परीक्षेत काय काय झालं ते तिनं सगळं सांगितलं. छायाताई दार बंद होताना आत शिरल्या, परीक्षक दोनदा खुर्चीवरून उठून जवळ गेले, आणि सर कुठं आहेत विचारल्यावर पाणी भरायला गेलेत म्हटलं तर त्यांना आधी खरंच वाटलं नाही. मग मी तिला छायाताई काय म्हणाल्या ते सांगितलं. शब्दाला शब्द सांगितला. 

कमलनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "मला अजून भेटलं न्हाई."

आमच्या गल्लीत नळ गुरुवारी पहाटे साडेपाचला आला. त्या दिवशी वर्ग छायाताईंनी घेतला, आणि पहिल्या रांगेत कमल उभी होती.